विहिरीत सापडलेला पोकळ दगड: अशनी की गारगोटी?

प्रश्न: आमच्या मेहकर तालुक्यातील शेतात विहीर खणताना, सुमारे 35 फुटांवरच्या अखंड काळ्या कातळात सुरुंग लावल्यावर, सोललेल्या नारळाएवढा (व्यास अंदाजे 11 सेंटीमीटर) एक गोल दगड निघाला. त्याचे वजन दीड किलो भरले. कवच काळसर असून त्यावर हिरवट थर आहे. दोऱ्याला बांधलेले लोहचुंबक त्याच्याकडे किंचित ओढले जाते. फोडल्यावर आत पोकळी दिसली; तीत पारदर्शक टोकदार खडे आहेत आणि त्यांवर मोत्यासारखी चमक असलेले पांढरे पंखे उगवल्यासारखे दिसतात. लोणार जवळच असल्यामुळे ही उल्का असावी, असे गावात बोलले जाते. हे खरे आहे का, आणि दगड स्वच्छ कसा करावा? (एक वाचक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर: प्रथम शब्दाविषयी. आकाशात जळताना दिसते ती उल्का आणि जमिनीवर येऊन पडतो तो अशनी. आपला दगड मात्र या दोहोंपैकी काहीही नाही, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपण स्वतःच पत्रात दिला आहे: तो अखंड कातळाच्या आतून निघाला. हा कातळ म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, तर लोणारचे विवर दहा लाख वर्षांहूनही अलीकडचे आहे. तेथे आदळलेल्या अशनीचा तुकडा आधीच घट्ट झालेल्या खडकाच्या पोटात जाऊन बसणे शक्य नाही.

चुंबकाने आपल्याला फसवले, यात आपला दोष नाही. आपल्याकडील काळ्या पाषाणातच मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे दख्खनच्या पठारावर चुंबकाच्या परीक्षेला फारसा अर्थ उरत नाही. वजन अधिक बोलके आहे. नेहमी आढळणाऱ्या दगडी अशनीची घनता पाण्याच्या 3.4 पटीच्या आसपास असते, म्हणजे त्या आकाराचा अशनी सव्वादोन किलोंहून जड भरला असता. शिवाय त्याच्या आत अशी खड्यांनी भरलेली पोकळी नसते, आणि नुकत्याच पडलेल्या अशनीवर वितळून झालेले पातळ काळे कवच असते. 22 मे 2012 रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला होता; ते दगड आतून भरीव आणि करड्या रंगाचे आहेत.

मग हे काय आहे? लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने विरघळवून आणलेली द्रव्ये त्यांत थराथराने साचली: आधी सेलॅडोनाइटसारख्या खनिजाचा हिरवा लेप, मग पारदर्शक गारगोटी, आणि सर्वांत शेवटी, वर्णनावरून पाहता, स्टिल्बाइट हे झिओलाइट कुळातील खनिज. खात्री घरीच करता येईल. टोकदार खड्याने बाटलीच्या काचेवर ओरखडा उठला, तर ती गारगोटी. पांढऱ्या पंख्याचा एखादा सुटलेला तुकडा चाकूने सहज खरवडला गेला आणि त्यावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले नाहीत, तर स्टिल्बाइट. बुडबुडे आले, तर कॅल्साइट.

दगड आम्लात बुडवू नका. डाग घालवण्याचा हा उपाय अनेक जण सुचवतात, पण त्याने झिओलाइटची चमक कायमची जाते. तापवूही नका, कारण या खनिजांच्या रचनेत पाणी असते आणि उष्णतेने ते निघून जाते. झिओलाइट हे नावच मुळी ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे आहे. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे.

किमतीविषयी गावात जे आकडे सांगितले जात असतील, त्यांवर विसंबू नये. गारगोटी आणि स्टिल्बाइट दख्खनमध्ये मुबलक आहेत, आणि संग्राहक मोल देतात ते न तुटलेल्या स्फटिकांना; घणाच्या घावाखाली आपल्या नमुन्याचे काही पंखे गेलेच असणार. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतील कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाची गोष्ट निराळी, ते खरोखर दुर्मिळ आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा खनिजांचे उत्तम नमुने मांडलेले आहेत. आपला दगड सोबत नेऊन त्यांच्याशी ताडून पाहावा. विहिरीचे काम अजून चालू असेल, तर पुढचा गोळा मात्र घणाने फोडू नये. दगड कापण्याच्या यंत्रावर मधोमध कापून घ्यावा.