फिडिबस म्हणजे काय, आणि भाषांतरात त्याचं काय करायचं

अरे, घाबरू नको, जुनी जर्मन कथा हातात घेतली की फिडिबस कधीतरी आडवा येतोच. फिडिबस म्हणजे पाइप पेटवायला केलेली कागदाची सुरळी, बस्स. टोक शेकोटीत नाहीतर मेणबत्तीवर धरायचं, पेटलं की तंबाखूला लावायचं. इंग्रजीत हिलाच स्पिल म्हणतात, आणि तिथे सांभाळ, मी पहिल्यांदा 'सांडलेलं' असं लिहून मोकळा झालो होतो 😄 स्पिल लाकडाच्या पातळ ढलपीचीही असते, फिडिबस मात्र बहुतेक कागदाचाच, जुनी पत्रं बिलं वगैरे फाडून केलेला.

शब्द जर्मन विद्यार्थ्यांच्या बोलीतून वर आला, उगम नक्की ठरलेला नाही. एक मजेशीर तर्क असा की होरेस या जुन्या रोमन कवीच्या एका लॅटिन कवितेत देवांना धूप आणि फिडिबस, म्हणजे तंतुवाद्याच्या तारा, यांनी खूश करायचं असं आहे, तर पोरांनी धूप म्हणजे तंबाखूचा धूर केला आणि फिडिबस म्हणजे कागद. मला पटतं, हॉस्टेलची पोरं सगळीकडे सारखीच.

आता मराठीत 'काडी' लिहू नकोस हं, वाचकाला लगेच काडेपेटी दिसते आणि घासून पेटणारी काडी जॉन वॉकरने इंग्लंडात विकायला काढली ती 1827 मध्ये, तुझी गोष्ट त्याआधीची असेल तर गेलीच. 'कागदाची सुरळी' लिही, पात्र विद्यार्थी असेल तर फिडिबस तसाच ठेव आणि पुढच्याच वाक्यात तो पेटवून दाखव, तळटीप नको.