नस जोडली, तरी बोटं बधीरच

प्रश्न : काच लागून मनगटातली नस कापली, त्याच दिवशी ऑपरेशन करून जोडली. आता तीन महिने होत आले तरी अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधीरच आहेत. तळहातावर टिचकी मारली की बोटांत करंट गेल्यासारखं होतं. ऑपरेशन फसलं का?

उत्तर : नाही हो, इतक्यात असं धरून चालू नका. उलट तो करंटच चांगली खूण आहे.

नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, संवेदना आणि हालचालीचे संदेश नेणारी दोरी. तिच्यात हजारो बारीक तंतू असतात आणि प्रत्येकाभोवती स्वतःची नळी असते. तंतूची मूळ पेशी पार मणक्यात किंवा त्याच्या शेजारी, त्यामुळे नस कापली की पुढचा तुकडा जगत नाही, मरतोच, हे ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर दाखवलं होतं. म्हणजे सर्जनने टाके घालून तंतू जोडलेले नसतात, त्याने बाहेरचं आवरण शिवून नळ्या समोरासमोर आणलेल्या असतात. पुढचं काम शरीराचं. नळीतल्या श्वान पेशी (तंतूला वेढून सांभाळणाऱ्या, थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाच्या पेशी) मेलेल्या तंतूचा कचरा काढायला लागतात, मग रांग धरून उभ्या राहतात आणि वरून फुटलेला नवा कोंब त्या रांगेच्या आधाराने पुढे सरकतो.

पण वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर! टाके ओलांडायलाच काही आठवडे जातात, मनगटापासून बोटाचं टोक १५-१८ सेंटीमीटर, म्हणजे सहा-सात महिने तरी धराच, नीट स्पर्श कळायला त्याहून जास्त. तीन महिन्यांत तळहातापर्यंत आलंय म्हणजे हिशोबात आहे.

टिचकीची ही खूण ज्यूल्स टिनेल आणि पॉल हॉफमन या दोन डॉक्टरांनी १९१५ मध्ये वेगवेगळी नोंदवली. नव्या तंतूच्या कोवळ्या टोकावर ठोकलं की झिणझिणतं. दर महिन्याला बघा, जागा बोटांकडे सरकायला हवी. टाक्यांपाशीच अडून बसली किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग सपाट होत चालला तर थांबू नका, सर्जनला दाखवा, कारण स्नायू फार वाट बघत नाहीत, वर्ष-दीड वर्ष गेलं की नस पोचूनही ते नीट उठत नाहीत.

तोवर गरम भांडं, इस्त्री या हाताने अजिबात नको, चटका कळणारच नाही आणि फोड आल्यावरच दिसेल. पाणी दुसऱ्या हाताने तपासा.

स्पर्श यायला लागला की सुरुवातीला एका बोटाला हात लावला तर दुसऱ्यात जाणवेल, घाबरू नका, काही तंतू चुकीच्या नळीत शिरतात. तेव्हा कापूस, खरखरीत कापड, चावी असं काहीबाही आधी बघत आणि मग डोळे मिटून चाचपडायचा सराव रोज करा, हॅण्ड थेरपिस्ट नीट शिकवतील.