मेंडोलिन गाण्यासारखे, मुलायम वाजवणारे वादक कोणते आहेत?

बहुतेक मेंडोलिनवादन आपल्याला खडखडीत वाटते, म्हणून गळ्यातून आल्यासारखे सलग वाजवणारे वादक आपण विचारले आहेत. नावे देतो. पण प्रश्नाच्या शेवटी ‘की हे वाद्यच मुळात तसे नाही?’ अशी जी शंका आपण जोडली आहे, तीच शंका आमच्या घरात वर्षानुवर्षे जेवणाच्या पंगतीत चघळली गेलेली आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पहिले नाव सज्जाद हुसेन यांचे. त्यांच्यानंतर बरीच जागा रिकामी सोडावी आणि मगच बाकीच्यांची नावे घ्यावीत, असे माझे मत आहे. सीतामऊ येथे 1917 साली जन्मलेल्या या माणसाला लोक ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’ या चित्रपटांचा संगीतकार म्हणून ओळखतात. त्यांच्या तिरसट स्वभावाचे किस्से सांगणारे पुष्कळ भेटतात, पण त्यांनी मेंडोलिनवर वाजवलेले राग शांतपणे ऐकलेला माणूस क्वचितच भेटतो. त्यांनी नेहमीच्या जोडतारांच्या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता सरकत जाणे, काढली, आणि ते किती अवघड आहे हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. एका सुराच्या दोन पोलादी तारा एकाच बोटाने आडव्या ओढाव्या लागतात. त्यातली एक आधी ताणते, दुसरी केसभर मागे राहते आणि तेवढ्या फरकानेही सूर फाटतो. शिवाय तारेची वाजणारी लांबी सुमारे 35 सेंटीमीटर आणि ताण भारी, त्यामुळे सतारीवर एका पडद्यावर (बोट जिथे दाबतात त्या आडव्या पट्टीवर) जी चार-पाच सुरांची मींड निघते तिचा येथे विचारही करता येत नाही. एक सूर स्वच्छ ओढला गेला तरी बोटाच्या टोकावर तारांचे दोन चरे उमटतात.

आता आमच्या दाजींविषयी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान परभणी जिल्ह्यात व्हायोलिनचा वर्ग चालवत. त्यांच्या मते मेंडोलिन म्हणजे ‘गज हरवलेलं व्हायोलिन’. दोन्ही वाद्यांच्या तारा त्याच चार सुरांत मिळवलेल्या असतात आणि लांबीही जवळपास तेवढीच असते, मग सूर धरून ठेवणारे वाद्य सोडून क्षणात विझणारे वाद्य हातात का घ्यावे, असा त्यांचा बिनतोड वाटणारा प्रश्न असे. आमच्या भागात त्या काळी मेंडोलिन दिसे ते ऑर्केस्ट्रात, दोन कडव्यांच्या मधली जागा भरायला, आणि वरातीत तर लोक त्याला सरळ बेंजोच म्हणत. मी माझे वाद्य हैदराबादहून आणले, तेव्हा ‘आता वरातीच्या सुपाऱ्या घेणार का?’ असे दाजींनी चारचौघांत विचारले होते.

त्यांच्या वर्गाच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात त्यांनी मला लहान मुलांच्या नंतर आणि आभारप्रदर्शनाच्या आधी, ‘सुगम वादन’ या नावाखाली बसवले. मी मात्र बागेश्री राग वाजवायचे ठरवून गेलो होतो. प्रत्येक जोडीतील एक तार मी काढून टाकली होती आणि ऑर्केस्ट्रातील पातळ, टकटक करणाऱ्या पिकऐवजी (तार छेडायच्या पट्टीऐवजी) जाड, कडा घासून गोल केलेले पिक घेतले होते. धैवतावरून मध्यमावर उतरताना बोट उचलायचे नाही आणि दाबायचेही नाही, इतक्या हलक्या दाबाने सरकवायचे की मधले पडदे एकेक करून बोलणार नाहीत, एवढेच मी घोटून घोटून तयार केले होते. आलाप सुरू असताना पुढच्या रांगेतील एक वृद्ध पेटीवादक मोठ्याने म्हणाले, “तो मध्यम पुन्हा घ्या.” मी पुन्हा घेतला आणि ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ वाजवला. आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ कागद हातात घेऊन ताटकळत उभे होते.

जेवायला बसल्यावर दाजी म्हणाले, “चार तारा काढून टाकल्या, म्हणजे मेंडोलिन राहिलंच कुठे? माझंच म्हणणं सिद्ध झालं.” पंगत हसली आणि ताईने विषय बदलला. उत्तर माझ्यापाशी तेव्हाही होते. पण जावयाला त्याच्या सासरच्या माणसाने भर पंगतीत उलट बोलायचे नसते, म्हणून ते येथे देतो.

ते उत्तर म्हणजे यू. श्रीनिवास. आंध्रातील पालकोल येथे 1969 साली जन्मलेल्या या वादकाने पाच एकेरी तारांच्या विद्युत मेंडोलिनवर संपूर्ण कर्नाटक संगीत उभे केले. सुरुवातीला कर्मठांनी नाके मुरडली, पण 1998 साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तारा कोणी मोजल्या नाहीत. 2014 साली ते गेले, वय अवघे 45. त्यांचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू यांना मेंडोलिन वाजवता येत नव्हते. ते गाऊन दाखवत आणि मुलगा ते तारेवर उतरवत असे. आपण ज्याला मुलायमपणा म्हणता तो येथून येतो. गाणे आधी कानात बसले की हात आपोआप सूर जोडू लागतो. उलट हाताचे व्यायाम आधी झाले की नुसती गती येते, आणि आपल्याला खडखडीत वाटते ती हीच गती.

इस्रायलचे अवी अविताल हे दुसरे उदाहरण. पाश्चात्त्य संगीतकार बाखची रचना ते वाजवतात तेव्हा पिकचे आघात मोजावेसे वाटत नाहीत. त्यांचेही बालपणीचे गुरू व्हायोलिनवादक होते. ही गोष्ट मी मोठ्या उत्साहाने दाजींना सांगितली, तर ते म्हणाले, “बघा, शेवटी व्हायोलिनवाल्यालाच शिकवावं लागलं.” अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तरी एक विचारतोच. त्यांच्या वर्गात साथीला रोज पेटी वाजत असे. तिच्यात मींड औषधालाही नाही, आणि आकाशवाणीने 1940 ते 1971 या काळात तिच्यावर बंदी घातली होती. ती पेटी आज शास्त्रीय ठरते, मग मेंडोलिननेच काय घोडे मारले आहे?

इतर नावे थोडक्यात. कोलकात्याचे स्नेहाशिष मजुमदार हे हिंदुस्थानी अंगाने वाजवतात. चित्रपटांतील वादनात रस असेल तर सरोदही वाजवणारे किशोर देसाई ऐका; संगीतकार होण्यापूर्वीचे लक्ष्मीकांतही मेंडोलिनवादकच होते. ब्राझीलचे जेकब दो बांडोलिम (1918–1969) गोड वाजवतात, पण त्यांचा गोडवा ठेक्यावर नाचणारा आहे. अमेरिकनांपैकी जॉन रीशमन आणि डेव्हिड ग्रिसमन ऐकावेत. बिल मन्रो थोर असले तरी आपल्यासाठी नाहीत, कारण ते वाजवत त्या ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीत मेंडोलिनकडे तारा दाबून तोडलेल्या आघातांचे, म्हणजे जवळपास तालवाद्याचे काम असते.

एवढे बोलल्यावर दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. माझा कान रागसंगीताचा असल्याने इटलीतील नेपल्सच्या परंपरेतील ट्रेमोलोवर, म्हणजे पिक वेगाने वरखाली फिरवून सूर टिकवण्याच्या पद्धतीवर, मी येथे अन्याय केला आहे. तेथील संगीतकार राफाएले कलाचे यांच्या रचना चांगल्या हातांत तशाच वाजतात आणि मुलायमही लागतात. शिवाय विलंबित लयीत सुराची जी लांब आस, म्हणजे छेडल्यानंतर टिकून राहणारा नाद, लागते ती जोडतारांच्या मेंडोलिनवर खरोखरच तोकडी पडते, तेवढ्यापुरते दाजी बरोबर आहेत.

शिकायचे असेल तर आधी एखाद्या गवयाकडे जा, मेंडोलिनचा शिक्षक नंतर शोधा. मराठवाड्यात गवई सापडणे त्यामानाने सोपेही आहे. आणि श्रीनिवास ऐकताना कोणी ‘विजेवर काय, कोणीही मुलायम वाजवेल’ असे म्हणाले, तर त्या गृहस्थाला विद्युत मेंडोलिन हातात देऊन बागेश्रीचा मध्यम लावायला सांगा. आमच्या दाजींनी ते अजून हातात घेतलेले नाही.