अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यभागी कालव्याकाठचा जुना, प्रशस्त फ्लॅट विकायला आहे. घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: प्रिन्सेनग्राख्त कालव्यावरची 17व्या शतकातली इमारत, राष्ट्रीय स्मारक म्हणून नोंदलेली. दुसरा आणि तिसरा मजला मिळून प्रशस्त फ्लॅट. तुम्ही दोघं इथेच नोकरीला, पुण्यातला फ्लॅट विकून काही रक्कम आणणार, आणि आई-बाबा दरवर्षी वेंगुर्ल्याहून काही महिने राहायला येतात. सध्या शेजारच्या अ‍ॅमस्टेलव्हेन गावात भाड्याने राहता.

माझं थेट उत्तर: स्वतः राहायला घेत असाल आणि आठ-दहा वर्षं हलायचा बेत नसेल तर जरूर घ्या. पण पायाचा अहवाल वाचल्याशिवाय बोली लावू नका. मी स्वतः कायझर्सग्राख्तवर अशाच एका इमारतीत राहते आणि आमच्या मालकसंघाचे हिशेब बघते. त्यामुळे उंच छत आणि खिडकीतून दिसणारं पाणी यांचं कौतुक करायला मला आवडतं, पण अशा घराची खरी किंमत जमिनीखाली आणि फायलींमध्ये ठरते, हे रोज दिसतं.

आधी जमिनीखालचं. हे शहर दलदलीवर उभं आहे. पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची मऊ माती) आणि चिकणमातीच्या खाली, साधारण 12 मीटरवर, वाळूचा पहिला घट्ट थर लागतो. जुन्या घरांखाली त्या थरापर्यंत लाकडी खांब ठोकलेले आहेत. डाम चौकातला राजवाडा अशा 13,659 खांबांवर उभा आहे. घरांच्या भिंतींखाली हे खांब जोडीजोडीने असतात, त्यांच्या डोक्यावर आडवे लाकूड, त्यावर फळ्या, आणि तिथून पुढे विटांचं बांधकाम सुरू होतं. लाकूड पाण्याखाली असेपर्यंत बुरशी त्याला काही करत नाही. म्हणून शहरातल्या कालव्यांची पातळी समुद्रसपाटीच्या प्रमाण पातळीखाली 40 सेंटिमीटरवर राखतात. पण एखाद्या ठिकाणी भूजल खाली गेलं, खांबांची डोकी उघडी पडली, हवा लागली, की कुजायला सुरुवात होते. शिवाय काही जीवाणू पाण्याखालीही लाकूड पोखरतात, आणि पाइनला त्याचा त्रास स्प्रूसपेक्षा जास्त होतो. म्हणून खांब कोणत्या झाडाचे आहेत, हेही विचारा.

हे तपासायची पद्धत ठरलेली आहे. तळमजल्यात खड्डा खणून खांब उघडे करतात, ठरावीक जोराने सुई मारून बाहेरचं लाकूड किती मऊ झालंय ते मोजतात, नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवतात. दर्शनी भिंतीवर विटांमधल्या आडव्या सांध्याची पातळीही मोजतात. गवंड्याने तो सांधा बांधताना सरळच ठेवला असणार, त्यामुळे आज तो जिथे खाली गेला असेल तिथे घर तेवढं खचलं आहे, असा त्याचा अर्थ. बऱ्याच इमारतींच्या भिंतीत दाराजवळ एक छोटा धातूचा बोल्ट दिसतो. त्याची उंची वर्षानुवर्षं मोजलेली असते. त्या नोंदींवरून खचणं जुनं होऊन थांबलंय की अजून चालू आहे ते कळतं, आणि मला विचाराल तर घर किती वाकडं आहे यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. अहवालाच्या शेवटी पाया अजून किती वर्षं चालेल याचा अंदाज दिलेला असतो. अंदाज 25 वर्षांचा असेल तर शांतपणे पुढचं बघा. त्यापेक्षा बराच कमी असेल तर दुरुस्तीत तुमचा वाटा किती येईल हे विचारा आणि तो किमतीतून वजा करूनच बोला.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: शेजारच्या घराची भिंत आणि तुमच्या घराची भिंत अनेकदा एकच असते, त्यामुळे पायाही सामाईक असतो. दुरुस्ती करायची तर शेजाऱ्यांना सोबत घ्यावं लागतं. अहवाल एकट्या इमारतीचा आहे की सलग घरांच्या पूर्ण गटाचा, हे नक्की बघा.

घर बघायला जाल तेव्हा दारांच्या वरच्या कडेकडे बघा. जुनी दारं चौकटीत बसावीत म्हणून तिरकी तासलेली असतात. तासलेली कड जुन्या रंगाखाली झाकलेली असेल तर खचणं जुनं आहे. ताजं लाकूड दिसत असेल, किंवा नव्या प्लास्टरवर चीर उठली असेल, तर प्रश्न विचारा. इमारत रस्त्याकडे पुढे झुकलेली दिसली तर घाबरू नका. ती बहुतेकदा मुद्दाम तशी बांधलेली असते, वरच्या हुकावरून माल चढवताना तो भिंतीवर आपटू नये म्हणून. बाजूला कललेली असेल तर मात्र तो पायाचा विषय आहे.

आता मालकसंघ. याला इथे सगळे 'फे-फे-ए' म्हणतात. काम आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीचं, पण कालव्यावरच्या इमारतीत सभासद अनेकदा तिघं किंवा चौघंच असतात. एवढ्या छोट्या संघात एकाने पैसे द्यायला टाळाटाळ केली तरी छपराचं काम अडतं. 2018पासून कायद्याने राखीव निधी ठेवावाच लागतो: एकतर बहुवार्षिक देखभाल आराखड्याप्रमाणे, नाहीतर इमारतीच्या पुनर्बांधणी मूल्याच्या किमान अर्धा टक्का दरवर्षी. तरीही कागदावर असलेले आणि प्रत्यक्षात झोपलेले संघ अजून सापडतात. ना सभा, ना वर्गणी, ना एकत्र विमा. अशा इमारतीत मासिक खर्च कमी दिसतो आणि दलाल तो कौतुकाने सांगतो. माझ्या मते तो धोक्याचा इशारा आहे. गेल्या काही वर्षांची सभावृत्तं मागून घ्या आणि शांतपणे वाचा. छप्पर, गटार, पाया हे शब्द दर सभेत येतात आणि निर्णय मात्र पुढच्या सभेवर ढकलला जातो, असं दिसलं तर ते सगळं बिल तुमच्याच कारकिर्दीत येणार. विभाजनाच्या दस्तात, म्हणजे इमारत फ्लॅटांमध्ये वाटणाऱ्या कागदात, तुमचा हिस्सा किती आहे तेही बघा. मोठ्या फ्लॅटचा हिस्सा मोठा असतो आणि प्रत्येक दुरुस्तीत तोच लागू होतो.

राष्ट्रीय स्मारक असल्याने घराची आतली बाजूही संरक्षित असते, हे बाहेरून आलेल्या लोकांना पटकन पटत नाही. छतावरचं चुन्याचं नक्षीकाम, जुन्या फायरप्लेस, जिन्याचा कठडा, आतल्या भिंती, यातलं काहीही हलवायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते. दुहेरी काच बसवायची तर सरळ कंपनीला बोलावून चालत नाही. जुन्या चौकटीत मावेल अशी पातळ काच किंवा आतून दुसरी खिडकी, असे पर्याय आहेत आणि त्यालाही मंजुरी लागू शकते. तोवर फेब्रुवारीतल्या पूर्वेच्या वाऱ्यात खिडकीजवळ बसून जेवायचं असेल तर स्वेटर घालावा लागेल. पण या घरांसाठी राष्ट्रीय जीर्णोद्धार निधीकडून कमी व्याजाचं कर्ज मिळू शकतं, आणि त्याची चौकशी घर घेण्याआधीच करा. मला स्वतःला हे निर्बंध जाचक वाटत नाहीत. हा परिसर 2010पासून जागतिक वारसा आहे आणि हेरेनग्राख्तवरून संध्याकाळी चालत जाताना जे दिसतं ते या निर्बंधांमुळेच टिकलं आहे. वेंगुर्ल्यातली डच वखारही 17व्या शतकातलीच. तिची आजची पडझड तुम्ही बघितली असेल, त्यामुळे देखभालीचं महत्त्व तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

प्रशस्तपणाबद्दल थोडं. जाहिरातीतलं क्षेत्रफळ ठरलेल्या मोजमाप पद्धतीने काढलेलं असलं पाहिजे. त्यात छताची उंची 1.5 मीटरपेक्षा कमी असलेला भाग राहत्या जागेत धरत नाहीत. तिसरा मजला उतरत्या छताखालचा असेल तर जमिनीवर दिसणारी जागा आणि कागदावरची जागा यात बराच फरक पडतो. मोजणीचा अहवाल मागा. 1 चौरस मीटरला 10 हजार युरो मागणं या भागात नवल राहिलेलं नाही, म्हणजे चार मीटरच्या गोंधळात 40 हजार युरो जातात.

आणि जिना. तुमच्या आई-बाबांमुळे हा मुद्दा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या इमारतीतला जिना इतका उभा आहे की उतरताना पाऊल आडवं ठेवावं लागतं, आणि एका बाजूला कठड्याऐवजी जाड दोर आहे. सामान वर न्यायला बाहेरून लिफ्टची गाडी लावून खिडकीतून घेतात, माणसांना मात्र जिनाच. स्मारकाच्या सामाईक जिन्यात खुर्चीची लिफ्ट बसवायची तर संघाची संमती हवी आणि नगरपालिकेचीही. आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांना आताच एकदा तो जिना चढून बघू द्या, आणि उतरूनही. त्यांनी नको म्हटलं तर मी हा फ्लॅट सोडून त्याच कालव्यावरचा पहिला उंच मजला, म्हणजे रस्त्यापासून जरा वर असलेला मुख्य मजला, शोधेन. तो महाग पडतो, छत सगळ्यात उंच असतं आणि पायऱ्या मोजक्या.

घरासमोर कालव्याच्या काठाला आधार देणाऱ्या धक्क्याच्या भिंतीचीही चौकशी करा. 2020च्या सप्टेंबरमध्ये ग्रिमबुर्गवालवर अशी भिंत अचानक कालव्यात कोसळली. शहरात सुमारे 200 किलोमीटर लांबीच्या भिंती तपासून टप्प्याटप्प्याने दुरुस्त करायचं काम चालू आहे. तुमच्या तुकड्याची पाळी कधी आहे ते नगरपालिकेकडे कळतं. काम सुरू झालं की समोरची झाडं, पार्किंग आणि शांतता दीर्घकाळ जाते. काम होऊन गेलेलं असेल तर तो मोठा फायदा समजा. राजाच्या वाढदिवसाला, 27 एप्रिलला, आणि ऑगस्टमधल्या एलजीबीटी समुदायाच्या प्राइड उत्सवातल्या बोटींच्या वेळी प्रिन्सेनग्राख्त गर्दीने भरून जातो. मला ते आवडतं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

पैशांचं पटकन सांगते. स्वतः राहायला घेतलं तर हस्तांतरण कर 2 टक्के. 35 वर्षांखालच्यांना मिळणारी माफी किमतीच्या मर्यादेत असते (2025 साली ती 5 लाख 25 हजार युरो होती), त्यामुळे या घराला ती लागणार नाही. कर्ज घराच्या मूल्यांकनापर्यंतच मिळतं. बोली त्यावर गेली तर वरची रक्कम आणि कर, नोटरी, सल्लागार हा सगळा खर्च खिशातून. घराचं सरकारने धरलेलं मूल्य खूप वर गेलं, 2025च्या आकड्याप्रमाणे 13 लाख 30 हजार युरोच्या पलीकडे, तर त्यापुढच्या रकमेच्या 2.35 टक्के दरवर्षी तुमच्या करपात्र उत्पन्नात धरतात. जुन्या मध्यवस्तीत जमीन बहुतेक मालकीची असते, नगरपालिकेची भाडेपट्ट्याची जमीन ही 1896नंतरची पद्धत. तरी दस्तात खात्री करा.

पुण्याच्या पैशांना वेळ लागतो, हे गृहीत धरून चाला. तुम्ही अनिवासी असल्याने खरेदीदाराला 1 टक्क्यापेक्षा बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढला नाही तर मोठी रक्कम परतावा मिळेपर्यंत अडकते. विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यात) येते, तिथून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते, सीएच्या दाखल्यासह. पुण्याचा व्यवहार पूर्ण झाल्याशिवाय इथल्या करारातली 10 टक्के अनामत आणि ताब्याची तारीख कबूल करू नका.

शेवटचं, करारातली कलमं. इतक्या जुन्या घराच्या करारात विक्रेता वयाचं कलम घालतोच: घर जुनं आहे, दोष निघाले तर जबाबदारी तुमची. ते बदलून मिळणार नाही. पण कर्ज मिळण्याची अट आणि बांधकाम तपासणीची अट लेखी घालून घ्या, चढाओढीत दलाल कितीही 'अटी नसल्या तर तुमची बोली वजनदार' म्हणाला तरी. सही झालेल्या कराराची प्रत हातात पडल्यावर 3 दिवसांची विचाराची मुदत मिळते, त्या काळात कारण न देता माघार घेता येते. विक्रेत्याच्या दलालाला आज लिहून चार गोष्टी मागवा: पायाचा अहवाल, सभावृत्तं, देखभाल आराखडा, विभाजनाचा दस्त. आले की त्यातलं पायाच्या अहवालाचं शेवटचं पान आणि निधीचा आकडा इथे लिहा, पत्ता न लिहिता. मी वाचून सांगते.