ते ‘असो’ खोड आधी

प्रिय मावशी,
माझा मुलगा साडेआठ महिन्यांचा आहे. दर दोन-तीन तासांनी हक्काने अंगावर पिणारं बाळ, पण गेले चार दिवस मांडीवर घेतलं की पाठीची कमान करून टाहो फोडतं. सासूबाई म्हणतात, दूध आटलं, वरचं सुरू कर. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली, म्हणून मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या. ह्यांनी पावडरचा डबा आणि बाटली आणून ठेवलीय, मी अजून उघडलेली नाही. डॉक्टरांनी कान, घसा, तोंड तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले. खालचे दोन दात आलेत, रविवारी चावला तेव्हा मी जोरात किंचाळले, असो. रात्री ब्लाउज भिजून जातो आणि मी रडत बसते. त्याला मी नकोशी झाले का?
— एक आई, नाशिक

अगं पोरी,
तुझ्या पत्रात सासूबाई आल्या, काकू आल्या, मोहऱ्या आल्या, डबा आला. आणि त्या किंचाळण्याला मिळाली अर्धी ओळ, वर एक ‘असो’. पत्रावर तारीख गुरुवारची आहे. रविवारपासून मोज बरं बोटांवर.

आता त्याच्या जागी बस. डोळे अर्धे मिटलेले, एक मूठ तुझ्या मंगळसूत्रात अडकलेली, पोट भरत आलेलं. जगात त्याला ठाऊक असलेली सगळ्यांत खात्रीची जागा ती. आणि तिथेच, कानाशी, त्याच्या आईची किंकाळी. आपण चावलो हे त्याला कुठून कळणार? दात काय असतो हेच त्याला माहीत नाही. पुन्हा जवळ घेतलंस की ती किंकाळी परत येईल, एवढंच त्याच्या डोक्यात बसलंय. तो घाबरलाय गं.

तू किंचाळलीस यात तुझा दोष नाही. कळ मस्तकात जाते, कोणीही ओरडेल. पण सोमवारपासून तू जे करते आहेस ते मला दिसतंय, आणि ते मी सोडणार नाही. खांदे आवळलेले, श्वास रोखलेला, नजर त्याच्या दातांवर. तोंड फिरवलं की डोकं धरून पुन्हा छातीशी. हो ना? माझ्या धाकट्याच्या वेळी मी हेच केलं होतं, म्हणून सांगते. घाबरलेल्या पोराला घाबरलेली आई बळजबरी करते, मग दोघंही रडतात.

बाळ असं अचानक अंगावर प्यायचं थांबतं, याला स्तनपानाचा संप म्हणतात. बहुतेक वेळा तो काही दिवसांत मिटतो. वर्षाच्या आतलं मूल सहसा असं एका दिवसात दूध तोडत नाही. तोडायचं तेव्हा हळूहळू, एकेक वेळ कमी करत जातं. आणि दूध आटलं असतं तर ब्लाउज भिजला असता का? सासूबाईंचं उत्तर तिथेच मिळालं. ह्यांनी आणलेला डबा फडताळात वर टाक. त्यावर ‘आईचं दूध सर्वोत्तम’ असं छापणं १९९२ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तेवढं त्यांना वाचायला दे. बाटली तर नकोच. तिच्यातून आयतं गळायला लागलं की ओढायचे कष्ट त्याने का घ्यावेत?

तू एकच कर. तो जागा असताना त्याला पाजायला घेणं आजपासून बंद. ब्लाउज काढ, त्याचं झबलं काढ, अंगाला अंग लावून दोघं पडून राहा. खेळव, गुणगुण, छातीवर लोळू दे. पण पुढे करू नकोस. तुझ्या कुशीत आल्यावर कोणी काही मागत नाही, ओरडत नाही, हे त्याला पुन्हा पटू दे. पाजायला घ्यायचं ते फक्त रात्री किंवा पहाटे, तो अर्धवट झोपेत असताना, दिवा मालवून. फिरवल्याने गुंगत असेल तर खोलीत फेऱ्या मारता मारता. नाही घेतलं तर मुकाट्याने पाठ थोपट.

दिवसा दर तीन तासांनी हाताने दूध काढ, म्हणजे छातीत गाठी होणार नाहीत आणि दूधही टिकेल. ते वाटी-चमच्याने पाज, घरात बोंडलं, म्हणजे पाजायची चोचीची वाटी, असेल तर त्याने. बाहेर ठेवलेलं चार तासांत संपव, नाहीतर फ्रीजमध्ये ठेव. नाचणीसत्त्व, मऊ भात चालू असेल ते चालू दे. दिवसरात्रीत पाच-सहा लंगोट चांगले ओले झाले की काळजी नको. त्याहून कमी झाले, ताप आला, पोर मलूल वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता तुझी भीती. ती गेली नाही तर त्याचीही जायची नाही, म्हणून हे नीट वाच. नीट चोखत असताना बाळाची जीभ खालच्या दातांवर पसरलेली असते, त्यामुळे त्या वेळी चावता येतच नाही. चावणं होतं ते पोट भरल्यावर, चाळा करताना, नाहीतर डोळा लागता लागता. चोखणं मंदावलं, घोट ऐकू येईनासे झाले, की करंगळी अलगद ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकव आणि सोडवून घे. एवढ्यावरही चावलाच तर मागे ओढू नकोस. उलट क्षणभर जवळ घे, नाक दबलं की तोंड आपोआप उघडतं.

माझ्या धाकट्याने सहाव्या दिवशी पहाटे, झोपेतच, तोंड फिरवून शोधलं होतं. तुझाही शोधेल. घेतलं की घरात कुणाला हाक मारू नकोस, तो दचकेल. सकाळी सांग.

— मावशी