लेप लावला तरी डाळिंब का कुजले?

साठवणीतल्या फळांना बुरशी लागू नये म्हणून नैसर्गिक लेप आणि सुगंधी तेले वापरणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : मृग बहाराची डाळिंबे चिटोसान या लेपाच्या पावडरीच्या १ टक्का द्रावणात बुडवली, वाळवली आणि शीतगृहात ठेवली. तीन आठवड्यांनी क्रेट उघडले तर साल चकचकीत, पण फळाच्या टोकाच्या मुकुटातून राखाडी बुरशी वर आलेली. काही फळे बाहेरून ठणठणीत, फोडल्यावर मात्र आत काळी. पावडर भेसळीची असेल का?
— एक बागायतदार, सांगोला तालुका

पावडरीवर संशय घेण्याआधी हे दोन रोग वेगळे करू. आतून काळी निघालेली फळे लेप लावण्याच्या कितीतरी आधी बिघडलेली होती. अल्टरनेरिया किंवा ॲस्परजिलस ही बुरशी फुलोऱ्यातच फुलातून आत शिरते, त्या दिवसांत पाऊस झाला तर जास्तच, आणि दाण्यांमध्ये दबा धरून बसते. सालीवर लावलेला कोणताही लेप तिथपर्यंत पोचत नाही. असे फळ हाताला किंचित हलके लागते, रंगही बाकीच्यांपेक्षा जरा उतरलेला असतो. प्रतवारीच्या वेळी शंका आली तर त्या लॉटमधली दहा फळे सरळ फोडून बघा. एक-दोन जरी काळी निघाली तरी तो माल साठवणीला घालू नका, ताजा असतानाच विकून टाका.

मुकुटातली राखाडी बुरशी म्हणजे बोट्रायटिस. ती मुकुटातल्या वाळक्या पुंकेसरांवर आधीपासून असते आणि थंडीतही हळूहळू वाढत राहते. तुमचा घोटाळा बुडवण्याच्या पद्धतीत झाला असावा. पालथा तांब्या पाण्यात दाबला की आत हवा अडकून राहते, तसाच बुडबुडा फळ बुडवताना मुकुटात अडकतो. म्हणजे जिथे बुरशी आहे तिथेच लेप लागत नाही. फळ हातात गोल फिरले तर उलटे होते, मुकुटात द्रावण भरते आणि ते वाळत नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत साल अर्ध्या तासात खडखडीत होते, मुकुट मात्र दुसऱ्या दिवशीही आतून दमट असतो. तसेच फळ ९० टक्के आर्द्रतेच्या शीतगृहात गेले की पुढचे काम बुरशीच करते.

पुढच्या वेळी असे करा. फळ झाडावरून ओढू नका, कात्रीने देठ सालीलगत कापा. देठाचा खुंट राहिला तर तो क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो आणि ती जखम म्हणजे पेनिसिलियम या बुरशीला उघडे दार. काँप्रेसरच्या हवेने मुकुटातले पुंकेसर उडवून टाका, पण हे काम लेपाच्या जागेपासून लांब करा, कारण त्या धुळीत बीजाणूच असतात. मग क्लोरीनच्या पाण्याने धुवा : बाजारात मिळणारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १० लिटर पाण्यात २० मिली घातले की १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग, होते. पाणी गढूळ झाले की क्लोरीन मातीतच खर्ची पडतो, तेव्हा ते बदला. त्यानंतर साध्या पाण्याने खळबळून काढा. हे टाळू नका, कारण पुढच्या द्रावणात आम्ल आहे आणि हायपोक्लोराइट आम्लात मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

चिटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही. १० लिटर द्रावणासाठी खाद्य प्रतीचे चिटोसान १०० ग्रॅम घ्या. ४ टक्के आम्लाचे पांढरे व्हिनेगर अडीच लिटर आणि पाणी साडेसात लिटर एकत्र करा. त्यात पावडर चिमटी-चिमटीने भुरभुरत सतत ढवळा. एकदम ओतली तर पिठल्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या रात्रभर ठेवूनही फुटत नाहीत. द्रावण रात्रभर राहू द्या, सकाळी मलमलच्या कापडातून गाळा. सामू (पीएच) पट्टीने तपासा. ४ च्या आसपास आला तर कॉस्टिक सोड्याचे पातळ पाणी थेंब-थेंब घालून ५ ते ५.५ वर आणा. ६.३ च्या पुढे गेलात की चिटोसान पांढऱ्या धाग्यांसारखे बाहेर पडते आणि सगळे द्रावण वाया जाते. शेवटी १० मिली ट्वीन-८० (तेल-पाणी एकजीव करणारे द्रव्य) घाला, म्हणजे सालीवर थेंब न गोळा होता पातळ थर पसरतो.

हे द्रावण फळाला स्पंजने किंवा बारीक फवाऱ्याने लावा आणि मुकुट खाली ठेवून फळे जाळीवर पंख्याखाली वाळवा. मुकुटात बोट घालून पाहा. बोटाला ओल लागली तर क्रेट भरायचे नाही.

शीतगृहाचे तापमान ५ ते ७ अंश सेल्सिअस हवे. खाली नेले तर जास्त टिकेल हा समज महागात पडतो. ५ च्या खाली साल तपकिरी पडते, खड्डे पडतात आणि फळ बाहेर काढल्यावर त्याच खड्ड्यांतून कुजते. एवढे करूनही मुकुट कुजत असेल तर चार-पाच रोगट फळे घेऊन केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा. मग दोष बागेतल्या फवारणीत शोधावा लागेल.

प्रश्न : उन्हाळ्यात लिंबे महाग होतात म्हणून मार्चमध्येच दहा किलो घेऊन ठेवते. लवंगतेलाने बुरशी लागत नाही असे वाचले, म्हणून पाण्यात तेल घालून लिंबे त्यातून काढली. तिसऱ्या दिवशी सालीवर तपकिरी चट्टे पडले आणि काही लिंबांवर हिरवी बुरशी आलीच. तेल चांगल्या दुकानातले होते.
— एक गृहिणी, सोलापूर

तेल चांगले होते म्हणूनच चट्टे पडले. लवंगतेलाचा मोठा भाग युजेनॉल असतो. तो बुरशीची पेशी जाळतो तशी सालही जाळतो. त्यात लवंगतेल पाण्यापेक्षा जड. बादलीत घालून ढवळले तरी ते थेंबांच्या रूपात तळाशी बसते. तळाच्या लिंबांना जवळपास शुद्ध तेल लागले आणि वरच्यांना नुसते पाणी. चट्टे आणि बुरशी एकाच वेळी दिसण्याचे कारण हेच. ओव्याचे आणि गवती चहाचे तेल उलट वर तरंगते, पण फळ काढताना तोच तवंग सालीला चिकटतो.

तेल पाण्यात एकजीव करायला मध्यस्थ लागतो. १ मिली तेल आणि २ मिली ट्वीन-८० छोट्या बरणीत दोन मिनिटे घोटा, मग चमच्या-चमच्याने पाणी घालत १ लिटर करा. पाणी दुधट दिसले आणि अर्ध्या तासाने तवंग किंवा तळाला थेंब नसले तर जमले. हे ०.१ टक्का झाले आणि घरात याच्या वर जाऊ नका. थेंब मोजत बसू नका, प्रत्येक तेलाचा थेंब वेगळ्या आकाराचा असतो. सुई काढलेली सिरिंज वापरा. आधी पाच लिंबांवर लावून तीन दिवस वाट पाहा. अगरबत्तीच्या दुकानातले ‘लवंग सेंट’ किंवा तिळाच्या तेलात मुरवलेली लवंग यांचा इथे उपयोग नाही.

खरे सांगायचे तर लिंबासाठी तेलापेक्षा खाण्याचा सोडा अधिक भरवशाचा आणि कितीतरी स्वस्त. १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, पाणी हाताला सोसेल इतके कोमट, म्हणजे ४० ते ४५ अंश. लिंबे त्यात तीन मिनिटे ठेवा, हलकेच साध्या पाण्यातून काढा आणि सुती कापडावर पूर्ण वाळवा. हिरव्या बुरशीचे बीजाणू सोडा मारून टाकत नाही, ते रुजण्यापासून अडवतो. म्हणून नंतर लिंबू आपटले, नख लागले तर त्या नव्या जखमेला संरक्षण उरत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणारे बरेच जण आहेत. फेस छान येतो आणि दोन्हींचा गुण जातो.

घेताना देठाची हिरवी टोपी शाबूत असलेली लिंबे निवडा, टोपी उपटलेले लिंबू तिथूनच सडते. एखादे बुरसटलेले दिसले तर उचलून झटकू नका. त्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घालून आत ओढून घ्या, गाठ मारा आणि मग टाका. हिरव्या पुडीचा एक झटका पूर्ण टोपलीला पुरतो. निळसर बुरशी तर नुसत्या स्पर्शाने शेजारच्या लिंबात उतरते.

आणि मार्चची लिंबे मेपर्यंत न्यायची तर नुसत्या बुरशीचा विचार पुरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळी वाऱ्याने ती आठवड्यात वाळून कडक होतात. अंगणात जागा असेल तर विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटीमीटर फट, फटीत वाळू असा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. हवा कोरडी असेल तितका तो जास्त थंड राहतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सोलापुरात तो उत्तम चालतो. पावसाळ्यात त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

प्रश्न : पेरूला लावायला कोरफडीचा गर काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो लालसर झाला, तिसऱ्या दिवशी त्या गरालाच बुरशी आली!
— एक वाचक, बार्शी

येणारच, कारण कच्चा गर हे बुरशीचेही अन्न आहे. पान कापल्यावर ते तासभर उभे टेकवून ठेवा, पिवळा कडू चीक गळून जाऊ द्या. मग साल काढा, धुवा, मिक्सरमधून फिरवा, गाळा. गर ७० अंशांवर ४५ मिनिटे ठेवा. पातेल्यात पातेले ठेवून गरम केले आणि थर्मामीटर लावला की जमते, उकळू मात्र देऊ नका. गार झाल्यावर लिटरमागे साडेचार ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि २ ग्रॅम क जीवनसत्त्वाची पावडर घाला. त्याने सामू उतरतो आणि रंग टिकतो. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा.

घट्ट वाटला तर तितकेच पाणी मिसळून पेरू त्यात दोन-तीन मिनिटे बुडवा आणि वाळवा. कोरफडीचा मुख्य फायदा पाणी कमी उडण्याचा आहे, बुरशीला तिचा अटकाव मध्यम. जाड थराचा मोह टाळा. फळ श्वास घेते. थर जाड झाला तर आत प्राणवायू कमी पडून गराला आंबूस, दारूसारखा वास येतो. पेरूत हे फार लवकर होते.

प्रश्न : केळीच्या फण्यांना कापलेल्या जागी काळी कुज येते. त्यावर मेण लावावे का?
— एक केळी उत्पादक, करमाळा तालुका

नको. ओल्या कापावर मेण म्हणजे बुरशी आत कोंडून ठेवणे, शिवाय जाड मेणाने पिकवणीत इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सगळीकडे सारखा पोचत नाही आणि फणी कुठे पिवळी, कुठे हिरवी राहते. फणी धारदार, क्लोरीनच्या पाण्यात बुडवलेल्या विळ्याने एकाच कापात सोडवा. बोथट विळ्याने चिंध्या होतात आणि कुज त्या चिंध्यांतच सुरू होते. दांड्याचा रुंद भाग फणीला राहू द्या. मग १ टक्का तुरटीच्या पाण्यात, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, चीक थांबेपर्यंत ठेवा. हौदातले पाणी दुपारी बदला. दिवसभर तेच पाणी ठेवले तर सकाळच्या रोगट फणीचे बीजाणू संध्याकाळच्या चांगल्या फणीला मिळतात. साठवण १३ ते १४ अंशांवर.

प्रश्न : चिटोसान कोळंबीच्या कवचापासून करतात असे कळले. आमची डाळिंबे आषाढीला पंढरपुरात उपवासासाठी विकली जातात. गिऱ्हाइकाला काय सांगायचे?
— एक फळविक्रेते, पंढरपूर

जे आहे ते सांगायचे. बहुतेक चिटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचाचेच असते. बुरशीपासून केलेलेही मिळते, पण ते मागून घ्यावे लागते आणि महाग पडते. डाळिंबाची साल कोणी खात नाही हा युक्तिवाद वारकऱ्यापुढे करून उपयोग नाही, सोलताना हात दाण्यांना लागतोच. लाख किड्यापासून आणि मेण मधमाशीपासून येते, तेव्हा तेही काहींना चालणार नाही. पूर्ण वनस्पतिजन्य हवे तर ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण किंवा खाण्याचा डिंक हे पर्याय आहेत.

कायद्याची बाजूही पाहा. ताज्या फळांवरच्या मेणासाठी अन्नसुरक्षा नियमांत मधमाशीचे मेण, कार्नोबा आणि लाखेचे मेण यांची नावे आहेत आणि कोणते मेण लावले ते लेबलवर लिहावे लागते. चिटोसान मेण नव्हे, त्यामुळे ते लावलेला माल विकण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातून लेखी खुलासा घ्या. पॅराफिनसारख्या खनिज मेणाची किंवा तेलाची चकाकी कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : द्राक्षांना दालचिनी तेलाचा फवारा चालेल का?
— एक वाचक, पंढरपूर तालुका

नाही. मण्यावरची पांढरी लव ओल्या फवाऱ्याने पुसली जाते आणि घडाच्या आत अडकलेली ओल वाळत नाही. द्राक्षाला गंधक-वायू सोडणारा पॅडच योग्य. मात्र घड ४ अंशांच्या खाली गार करून मगच पेटीत पॅड ठेवा आणि पेटीतले प्लास्टिकचे अस्तर मिटा. गरम माल बंद केला तर पेटीत घाम सुटतो, त्या ओलीने पॅड एकदम वायू सोडतो आणि मणी देठाकडून पांढरे पडतात.