वाचकांचे प्रश्न : उद्धरण नेमके कोणाच्या खात्यावर?

प्रश्न : मी गोव्यातील एका महाविद्यालयात विज्ञान शिकवते. मांडवीच्या मुखाजवळच्या गाळातील धातूंविषयी आम्ही चौघांनी लिहिलेल्या शोधनिबंधात माझे नाव तिसरे आहे. गूगल स्कॉलरवर त्या निबंधाची ४० उद्धरणे माझ्या नावापुढे दिसतात. एका मुलाखतीत मात्र मला सांगण्यात आले की तिसऱ्या लेखकाला उद्धरणांचे श्रेय मिळत नाही. माझे एक सहकारी म्हणतात की ४० ला चारने भागावे. होडीतून जाऊन नमुने मीच गोळा केले होते आणि त्यांचे पृथक्करणही मीच केले होते. माझे श्रेय किती धरायचे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्याला मिळालेली तिन्ही उत्तरे मोजणीच्या तीन वेगवेगळ्या पद्धतींची आहेत, आणि यांपैकी कोणतीही पद्धत निसर्गनियमासारखी अटळ नाही. उद्धरण मिळते ते निबंधाला. दुसरा संशोधक आपल्या संदर्भसूचीत निबंधाची नोंद करतो, चौघांपैकी कोणा एकाची निवड करून त्याला दाद देत नाही. ती दाद चौघांत कशी वाटायची, हे मोजणारा ठरवतो. म्हणून आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘किती’ असा न विचारता ‘कोणत्या पद्धतीने’ असा विचारावा.

मुलाखतीत आपल्याला ऐकवलेल्या मताचे मूळ बऱ्याच अंशी एका जुन्या छापील सोयीत आहे. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली विज्ञानासाठी उद्धरणसूचीची कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकात फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. जागा वाचावी म्हणून त्या सूचीत उद्धृत निबंधाची नोंद केवळ प्रथम लेखकाच्या नावाखाली होत असे. दुसऱ्या किंवा चौथ्या लेखकाची उद्धरणे शोधायची असतील, तर आधी त्याच्या सर्व निबंधांची यादी करावी लागे आणि मग प्रत्येक निबंध त्याच्या प्रथम लेखकाच्या नावाखाली पाहावा लागे. एवढे कष्ट सहसा कोणी घेत नसे. पुढे १९८१ साली हॉवर्ड व्हाइट आणि बेल्व्हर ग्रिफिथ यांनी लेखकांच्या सह-उद्धरणाचा अभ्यास मांडला. कोणते दोन लेखक वारंवार एकत्र उद्धृत होतात, यावरून एखाद्या विषयाचा नकाशा काढण्याची ती पद्धत आहे. तीही वर्षानुवर्षे प्रथम लेखकांवरच चालली, कारण हाताशी असलेली सूची तेवढेच सांगत होती. जीववैद्यक शाखांत प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव शेवटी छापण्याचा प्रघात आहे. त्यामुळे अशा नकाशांतून त्या शाखांचे कर्तेधर्तेच गळून पडण्याची शक्यता असते. साधनाची मर्यादा हळूहळू न्यायाचा निकष बनली, आणि ही गोष्ट मला फार खटकते.

आजच्या माहितीकोशांत सर्व लेखकांची नावे असतात. तेथे सामान्यतः पूर्ण मोजणी होते, म्हणजे ४० उद्धरणे चौघांच्याही खात्यावर पूर्ण जमा होतात आणि एका निबंधाच्या ४० उद्धरणांची बेरीज माणसांच्या हिशेबात १६० होते. आपल्या सहकाऱ्यांची पद्धत अपूर्णांकी मोजणीची आहे : प्रत्येकाला १०, बेरीज पुन्हा ४०. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या क्रमवारीत विद्यापीठांची तुलना करताना हीच पद्धत मुख्य मानली जाते, कारण तिच्यात एकच काम अनेकदा मोजले जात नाही. आणखी एक पद्धत क्रमाला महत्त्व देते. पहिल्याला एक, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश आणि चौथ्याला एक चतुर्थांश असे वजन देऊन सर्वांना त्या प्रमाणात वाटा दिला, तर ४० उद्धरणांपैकी अनुक्रमे १९.२, ९.६, ६.४ आणि ४.८ असे वाटे पडतात. म्हणजे एकाच निबंधातून आपल्या खात्यावर शून्य, ६.४, १० किंवा ४० यांपैकी काहीही येऊ शकते. आपले काम मात्र तेवढेच आहे.

क्रमाचा अर्थही सर्व विषयांत सारखा नसतो. गणित, अर्थशास्त्र आणि उच्च-ऊर्जा भौतिकी या विषयांत नावे बहुधा रोमन वर्णक्रमाने लावली जातात, त्यामुळे आमोणकर पहिले आणि वेर्लेकर शेवटचे येतात. त्याचा कामाशी काही संबंध नसतो. तरीही २००६ साली लिरन आइनाव्ह आणि लीट यारीव्ह यांनी अमेरिकेतील अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांचा अभ्यास केला, तेव्हा ज्यांच्या आडनावाचे आद्याक्षर वर्णमालेत आधी येते त्यांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता अधिक दिसली. मानसशास्त्र विभागांत मात्र तसे आढळले नाही, कारण तेथे वर्णक्रमाची प्रथा नाही. दुसरे टोक म्हणजे हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेला निबंध. त्याला ५,१५४ लेखक होते, आणि ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांच्या व त्यांच्या संस्थांच्या यादीने व्यापली होती. तेथे प्रथम लेखक शोधणे निरर्थक आहे.

आपल्याकडील नोकरीच्या संदर्भात विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली आपण स्वतः वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिच्यात विज्ञान शाखेच्या शोधनिबंधाला मूळ ८ गुण आहेत. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के गुण मिळतात. दोनपेक्षा अधिक असतील तर प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येक सहलेखकाला ३० टक्के गुण मिळतात. म्हणजे त्या सूत्राने आपल्या निबंधाचे आपल्याला २.४ गुण होतात. ते थोडे आहेत, परंतु शून्य नाहीत. हे सूत्र निबंधाचे आहे, उद्धरणांचे नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. मुलाखतीत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली असावी.

निबंधांची संख्या आणि त्यांची उद्धरणे एकाच आकड्यात मोजणाऱ्या एच-निर्देशांकाविषयी आपण विचारलेले नाही, तरी तो प्रश्न पुढच्या मुलाखतीत येईलच. कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी तो २००५ साली मांडला. आपल्या किमान १२ निबंधांना प्रत्येकी किमान १२ उद्धरणे असतील आणि १३ निबंधांबाबत तसे म्हणता येत नसेल, तर आपला निर्देशांक १२. त्या १२ निबंधांचे आपण एकटे लेखक आहात की पन्नासांपैकी एक, याची त्यात नोंदच नाही. ही उणीव ओळखून हर्श यांनीच २०१० साली सहलेखनाचा विचार करणारा दुसरा निर्देशांक सुचवला, पण निवड समित्यांच्या तोंडी पहिलाच बसला आहे.

आता आपल्या मूळ वेदनेकडे येतो. होडीत बसून गाळ उपसणाऱ्या व्यक्तीचे नाव तिसरे का, हे कोणतीही मोजणी सांगू शकत नाही, कारण ते निबंध पाठवण्यापूर्वी चौघांत ठरलेले असते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकत्वासाठी चार अटी सांगते. कल्पना, आराखडा किंवा माहितीचे संकलन, पृथक्करण व अन्वयार्थ यांत भरीव वाटा हवा, लेखनात किंवा चिकित्सक सुधारणेत सहभाग हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारलेली हवी. केवळ निधी मिळवून देणारा किंवा केवळ विभागप्रमुख असणारा या अटींत बसत नाही. शिवाय जिने पहिली अट पूर्ण केली आहे तिला मसुद्यावर काम करण्याची संधी दिली पाहिजे, असेही ही समिती सांगते. तरुण सहकाऱ्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे, असे मला मनापासून वाटते. याशिवाय २०१४ पासून १४ भूमिकांची एक वर्गवारी रूढ होत आहे. संकल्पना, कार्यपद्धती, प्रत्यक्ष शोधकार्य, विश्लेषण, पर्यवेक्षण, मूळ मसुदा अशा भूमिकांपुढे ज्याची-त्याची नावे छापली जातात. आपले पुढचे नियतकालिक ती स्वीकारत असेल, तर ‘प्रत्यक्ष शोधकार्य’ या भूमिकेपुढे आपले नाव आहे ना, हे मुद्रित तपासतानाच पाहून घ्यावे.

प्रश्न : माझे पहिले तीन निबंध माहेरच्या आडनावाने आहेत व पुढचे सासरच्या. त्यात भर म्हणून सासरचे ‘देसाई’ एकाने रोमनमध्ये एका ‘एस’ने छापले आणि दुसऱ्याने दोन ‘एस’नी. माझी उद्धरणे तीन ठिकाणी विखुरली आहेत.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ही अडचण गोव्यात इतरत्रपेक्षा अधिक आहे, कारण आपल्या अनेक आडनावांची रोमन रूपे पोर्तुगीज दप्तरात घडली. त्या वळणाने कामत ‘कामोतीम’ झाले, प्रभू ‘पोरोब’ झाले आणि देसाईंना दुसरा ‘एस’ मिळाला. माणूस एकच, पण संगणकाच्या दृष्टीने लेखक दोन. उलट दिशेची चूकही होते : आद्याक्षरे आणि आडनाव जुळले की दोन भिन्न व्यक्तींची उद्धरणे एका खात्यात जातात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक, म्हणजेच संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक. २०१२ पासून मिळणारा हा १६ अंकी क्रमांक विनामूल्य आहे व नाव बदलले तरी बदलत नाही. त्यात आपली तिन्ही रूपे नोंदवावीत, सर्व निबंध जोडावेत, आणि स्कोपस व वेब ऑफ सायन्स या उद्धरणांच्या माहितीकोशांकडे खाती एकत्र करण्याची विनंती करावी. यापुढे रोमनमधील एकच रूप ठरवून ते कटाक्षाने पाळावे.

नाव आणि श्रेय यांची फारकत किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण गोव्याच्याच मातीत आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी इतिहासकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण ते मुळात गणिती होते. त्यांनी काही गणिती निबंध ‘एस. ड्यूक्रे’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले, त्यामुळे केवळ कोसंबी या नावाने शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. यादृच्छिक प्रक्रियांविषयीचे जे प्रमेय त्यांनी १९४३ साली मांडले, ते जगभर बहुधा त्यानंतर लिहिणाऱ्या कारहुनेन आणि लोएव्ह यांच्याच नावाने ओळखले जाते. आनुवंशिकीत याच्या उलट घडले. जनुकांमधील अंतर मोजण्याचे ‘कोसंबी सूत्र’ इतके अंगवळणी पडले की अनेक जण सूत्राचे नाव घेतात, पण मूळ निबंध संदर्भसूचीत देत नाहीत. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने अशा प्रकाराला, ज्ञानात मिसळून गेल्यामुळे होणारा मूळ लेखनाचा लोप म्हटले आहे. सूचीतील आकडा येथे कमी पडतो.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेवर मी मराठीत लिहिलेल्या लेखाचा उपयोग एका इंग्रजी पुस्तकात झाला, पण माझे नाव फक्त ऋणनिर्देशात आहे. हे उद्धरण धरले जाते का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : नाही. सूची तयार करणारे संदर्भयादी वाचतात, ऋणनिर्देश त्यांच्या हिशेबात येत नाहीत. लेखातील माहिती घेतली असेल तर संदर्भ देणे हे त्या लेखकाचे कर्तव्य होते, म्हणून प्रकाशकाला सौम्य शब्दांत पत्र लिहून पुढील आवृत्तीत नोंद मागावी. मराठी नियतकालिके या माहितीकोशांत फारच थोडी आहेत, आणि जी त्यांत नाहीत त्यांतील लेखाचे उद्धरण झाले तरी तेथे बहुधा प्रथम लेखकाचेच नाव उरते. त्यामुळे पुढील लेख कोणासोबत लिहिणार असाल तर नावांचा क्रम आधीच ठरवावा. लेखाखाली आपले नाव, शीर्षक, अंक आणि वर्ष रोमन लिपीतही छापण्यास संपादकांना सांगावे, म्हणजे मराठी न वाचणाऱ्या संशोधकाला संदर्भ कसा द्यावा हे कळेल. अंकाची एक प्रत पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयालाही द्यावी.